पाडव्याच्या ढिगातला एक मेल

माझा पासवर्ड आणि त्यापाठोपाठ मोबाइलवर आलेला कोड, दोन्ही मी एका चोराला स्वतःच्या हातानं टाइप करून दिले. त्यानं धमकावलं नव्हतं, लालूच दाखवली नव्हती. नुसतं मागितलं. मी दिलं; आणि त्याचं पान झटकन उघडलं म्हणून वर मनातल्या मनात त्याला शाबासकीही दिली.

हेच एखाद्या गिऱ्हाइकानं केलं असतं तर मी त्याला समोरच्या खुर्चीत बसवून चांगला झापला असता. वाशीमला बसस्टँडच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. लोकांच्या वेबसाइटी बनवायच्या, त्या चालू ठेवायच्या आणि वेबसाइटवाल्यांना येणारे खोटे मेल ओळखायला शिकवायचं, हा माझा धंदा. म्हणजे पोहायला शिकवणारा माणूस गुडघाभर पाण्यात बुडाला, असं समजा. बुडताना फक्त माझ्याच नाकातोंडात पाणी गेलं असतं तर हा लेख मी खुशाल हसतखेळत लिहिला असता. पण त्या पासवर्डाच्या मागं एका मुलीचं जुळत आलेलं लग्न होतं. म्हणून जरा बेतानं हसतो.

आधी धंदा सांगतो, नाहीतर चूक समजणार नाही.

आमच्या भागात शेतीवर सालदार ठेवतात. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्याला संपतं. पटलं तर पुढं चालू, नाहीतर रामराम. वेबसाइटीचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते अगदी ह्या सालदारासारखं असतं. कायमचं विकत मिळत नाही. नावं देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडून ते वर्षाच्या बोलीनं घ्यायचं आणि मुदत संपायच्या आत पुढचं साल भरायचं. विसरलात तर तुमच्या दुकानाचं नाव उद्या दुसऱ्याच्या दारावर. नावाशिवाय लागते ती जागा. तुमचे फोटो, मजकूर, लोकांनी भरलेली माहिती हे सगळं कुठल्यातरी लांबच्या कॉम्प्युटरवर ठेवावं लागतं. नाव आणि जागा, दोन्हीच्या किल्ल्या एका खात्यात असतात आणि त्या खात्याला पासवर्ड असतो.

आता कायद्यानं आणि अकलेनं ही किल्ली ज्याची वेबसाइट त्याच्याकडे पाहिजे. पण आमच्याकडे किल्ली कोणालाच नको असते.

"तुमच्याच जवळ राहू द्या ना, सुधाकरभाऊ. मी हारवून टाकतो," असं मला पहिल्यांदा म्हणाले ते मंडप-डेकोरेशनवाले गजाननभाऊ. मग हळदीवाले म्हणाले, सोयाबीनचं बियाणं विकणारे म्हणाले, पोहरादेवीला लॉज चालवणारे राठोडभाऊ म्हणाले. गावात परगावी जाताना शेजाऱ्याकडे घराची किल्ली देतात, त्या भावनेनं सगळे मला पासवर्ड देत गेले आणि मीही घेत गेलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. मी सगळ्यांची नावं एकाच खात्यात आणली. आणि प्रत्येकाचं साल वेगवेगळ्या महिन्यात लक्षात कोण ठेवणार, म्हणून सगळ्यांची मुदत हळूहळू सरकवत पाडव्यावर आणली. गिऱ्हाइकांना हे फार आवडलं. पाडव्याला साल भरायचं, ही त्यांना जन्मापासून कळणारी गोष्ट. मलाही माझी हुशारी इतकी आवडली की प्रत्येक वेबसाइटीच्या तळाशी बारीक अक्षरात मी माझं नाव आणि ईमेल टाकून ठेवला: ‘निर्मिती व देखभाल’ अमुक तमुक.

डोमेनची मुदत कधी संपते हे जगात कोणालाही पाहता येतं. म्हणजे चोराला फक्त एवढंच करायचं होतं की आमच्या भागातल्या दोनचार वेबसाइटी उघडायच्या, खाली एकच नाव पाहायचं, सगळ्यांची मुदत एकाच आठवड्यात संपते हे पाहायचं आणि नीट नेम धरायचा. घराच्या किल्ल्या कोणाकडे आहेत आणि तो कोणत्या दिवशी गडबडीत असतो, हे दोन्ही मी दारावर लिहून ठेवलं होतं.

वेबसाइटवाल्यांना येणारे खोटे मेल साधारण ठरलेल्या घाटणीचे असतात. एकदा गजाननभाऊ दुकानात आले ते घामानं डबडबून. त्यांच्या मेलमध्ये लिहिलं होतं की तुम्ही आमचा फोटो चोरून तुमच्या वेबसाइटीवर लावला आहे, कोर्टात खेचतो, पुरावा खालच्या फाइलीत आहे.

"भाऊ, थे फाइल उघडू का?"

"नका उघडू. त्या फाइलीत पुरावा नसतो, कीड असते. खोटा मेल आहे."

"पन फोटो त मी चोरलाच हाय ना!" गजाननभाऊ हळूच म्हणाले. कुठल्यातरी मोठ्या शहरातला झगमगता मंडप त्यांनी ‘आमचे काम’ ह्या पानावर लावला होता. माझ्या हातूनच.

"त्याला ते माहीत नाही. तो सगळ्यांनाच हे पाठवतो. दहातल्या आठांनी चोरलेलाच असतो, म्हणून त्याचं चालतं." त्या दिवशी त्यांनी फोटो काढून टाकला आणि स्वतःच्या मंडपाचा लावला. दिसायला तो खरंच मंडप दिसतो.

राठोडभाऊंना जत्रेच्या गर्दीत मेल आला की तुमची मेलपेटी भरली आहे, ताबडतोब इथं दाबून पासवर्ड द्या, नाहीतर मेल बंद. ते लिंक दाबत बसले नाहीत. त्यांनी सरळ उत्तर लिहिलं: ‘साहेब, सध्या जत्रा सुरू आहे, गर्दी हटली की पेटी रिकामी करतो.’ चोराला असं उत्तर आयुष्यात मिळालं नसेल. पुन्हा त्यांच्या वाटेला गेला नाही.

ह्या दोन गोष्टी मी गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो आणि शेवटी माझा नियम सांगायचो. मेल घाई करायला लागला की आधी चहा सांगा. चहा येईपर्यंत काही दाबू नका. घाई ही चोराची गरज असते, तुमची नसते. चहा पिऊन झाल्यावर, मेलमधली लिंक सोडून, कंपनीचं पान आपल्या हातानं नेहमीसारखं उघडा आणि तिथं खरंच काही लिहिलंय का ते पाहा. किंवा ओळखीच्या नंबरवर फोन करून विचारा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही; तो फोन चोराचा मेहुणा उचलतो.

आणि पत्ता वाचायला शिकवायचो. वेबसाइटीच्या पत्त्यात सुरुवातीला कंपनीचं नाव दिसलं की लोक खूश होतात. मालक सुरुवातीला नसतो. ‘तहसीलजवळचं हॉटेल’ म्हटलं म्हणजे ते हॉटेल तहसीलदाराचं होत नाही. पत्त्यात सुरुवातीचं https:// सोडून पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी जे नाव असतं तो खरा मालक. तिथपर्यंत वाचा.

हे सगळं मला येत होतं, हे नोंदवून ठेवतो.

आता मनवर बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई बौद्ध समाजातल्या मुलामुलींची लग्नं जुळवतात. आधी हे काम त्या एका पिशवीवर करायच्या. पिशवीत फोटो आणि बायोडाटे, आणि बाई एसटीनं गावोगाव. त्यांच्या गुडघ्यांनी तक्रार केली तेव्हा मीच मागं लागून त्यांच्या मंडळाची वेबसाइट करून दिली. बाईंनी अट घातली होती.

"पोरीचा फोटो कोनालेही दिसला नाई पाहिजे, भाऊ. मी फोनवर बोलून खात्री करन, मंग दिसन. मायबापानं माझ्यावर भरवसा ठेवून देल्ला असते थो."

"बाई, बँकेसारखं कुलूप लावतो," मी म्हणालो होतो. हे वाक्य मला अजून आठवतं. बाईंनाही आठवतं.

दोन पाडव्यांमागची गोष्ट. पाडव्याचा आठवडा म्हणजे माझ्या मेलपेटीत मुदतीच्या नोटिसांचा ढीग. ह्या नावाचं साल संपतंय, त्या नावाचं संपतंय. सगळ्या खऱ्या. मी एकेक उघडायचो, दाबायचो, भरायचो. बाईंचा वधूवर परिचय मेळावा लगेचच्या रविवारी होता आणि लोक वेबसाइटीवर नावं नोंदवत होते. अशात एक मेल आला, बाईंच्याच वेबसाइटीच्या नावाचा. मुदत आज संपत आहे, संध्याकाळनंतर नाव दुसऱ्यास दिले जाईल. कंपनीचं चिन्ह बरोबर, रंग बरोबर, माझं नाव बरोबर. मी मोबाइलवरच होतो. मोबाइलच्या पडद्यावर लांब पत्ता मावत नाही. सुरुवात दिसते, मालक दिसत नाही. मी दाबलं.

माझा फोन नेहमी पासवर्ड आपोआप भरतो. त्या दिवशी त्यानं भरला नाही. कारण त्या फोनला कळलं होतं की हे पान आपल्या ओळखीचं नाही. मला वाटलं, फोन जुना झाला. मी त्याला शिवी दिली आणि पासवर्ड हातानं भरला. लगेच कोड आला, तोही भरला. मी इकडं जी अक्षरं टाइप करत होतो तीच तो माणूस तिकडं खऱ्या कंपनीच्या पानावर भरत होता. कोड म्हणूनच आला, आणि खराच आला. ‘धन्यवाद’ असं पान उघडलं. चहा सांगितलेला होता. तो टेबलावर येईपर्यंत माझं काम झालं होतं.

पुढं दोन दिवस मला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी हळदीवाल्यांच्या वेबसाइटीवर हळदीऐवजी पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात दिसायला लागली. मी खात्यात जायला गेलो तर माझाच पासवर्ड मला आत घेईना. तेव्हा तो पाडव्याचा मेल पुन्हा उघडला, मोठ्या पडद्यावर, आणि पत्ता शेवटपर्यंत वाचला. तहसीलजवळचं हॉटेल.

कंपनीला फोन, ओळखीचे कागद, सायबर शाखेत तक्रार, सगळं केलं. काही दिवसांनी खातं परत मिळालं, नावं परत मिळाली. पण बाईंच्या वेबसाइटीतली माहिती त्यानं आधीच उतरवून घेतली होती. चोरीची सायकल सापडली तर परत आणता येते. नक्कल करून नेलेला फोटो परत कसा आणायचा? तो तर आपल्याकडे आहेच.

बाई दुकानात आल्या तेव्हा त्यांनी पायऱ्या चढल्यावर नेहमीसारखं "हुश्श" केलं नाही.

"सुधाकरभाऊ, माझ्या नावानं कोन बोलून राह्यलं?"

मंडळातून बोलतो असं सांगून कोणीतरी घरोघरी फोन करत होता. तुमच्या मुलासाठी स्थळ आहे, मुलगी पाहा, पसंत असेल तर आधी नोंदणी भरा. आणि आमिष म्हणून एका मुलीचा फोटो पाठवत होता. चांगल्या चेहऱ्याची, नोकरी करणारी मुलगी त्यानं बरोबर निवडली होती. मंगरूळपीरजवळच्या इंगोल्यांची प्रज्ञा. अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स. तिचं कारंज्याच्या वानखड्यांच्या मुलाशी जवळजवळ ठरलं होतं. पाहणं झालं होतं, पसंती झाली होती, साक्षगंधाची म्हणजे साखरपुड्याची तारीख काढायची बाकी होती. ह्या बेट्यानं तो फोटो नेमका वानखड्यांच्या साळीला, म्हणजे बायकोच्या बहिणीला, पाठवला, तिच्या मुलासाठी. साळीनं तो बहिणीला पाठवला. बहिणीनं नवऱ्याला दाखवला.

"वानखडे म्हनते, आमच्यासंग बोलनी चालू असताना पोरगी दुसरीकडं दाखवून राह्यले," बाई म्हणाल्या. "इंगोलेचा फोनबी उचलत नाईत. आता सांगा, हे झालं कसं?"

आमच्या धंद्यात ‘हॅक झालं’ हे फार सोयीचं वाक्य आहे. पाऊस आला, भिंत पडली, तसं हॅक झालं. त्यात कोणीच काही केलेलं नसतं.

"बाई, सर्व्हर हॅक झाला," मी म्हणालो.

बाईंनी चष्म्यातून पाहिलं. इतकी वर्षं स्थळं पाहिलेली बाई. "सर्व्हर म्हंजे कोन? कोन्त्या गावचा?"

मग सांगितलं. पाडवा, ढीग, मेल, फोन, कोड. सगळं ऐकून त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट झालं. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि सगळ्या घरांना एकेक करून फोन लावायला मला सांगितलं. मी नंबर लावून देत होतो, त्या बोलत होत्या. प्रत्येक फोनमध्ये पहिलं वाक्य एकच. "मी मनवर बाई बोलून राह्यली, माहा आवाज वळखून घ्या." काही घरांतून शिव्या आल्या. बाईंनी ऐकून घेतल्या आणि पुढचा नंबर लावायला सांगितला. एका आईनं विचारलं की माझ्या पोरीचा फोटो आता कुठं कुठं फिरेल. बाईंनी फोन माझ्या हातात दिला. "इचारून राह्यल्या. सांगा." मला जे सांगता आलं ते सांगितलं. थोडंच होतं.

मग बाई म्हणाल्या, "उद्या कारंज्याले जायचं हाय. इंगोले येते, मी येतो. तुमी पन."

एसटीत इंगोले मंगरूळपीरला चढले. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. थोडी शेती, आणि आयुष्यभर पोरीला शिकवण्यापलीकडे काही हौस केलेली नाही. धुतलेला दुपट्टा खांद्यावर. मला त्यांनी नमस्कार केला नाही, शिवीही दिली नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिले. मी मनातल्या मनात वाक्य घोळवत होतो. ‘आंतरराष्ट्रीय टोळीनं सुनियोजित सायबर हल्ला करून…’ बाई शेजारीच होत्या. माझे ओठ हलताना त्यांना दिसले असावेत.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "जे झालं थेच सांगजा. मोठं करून नका सांगू."

वानखडे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बैठकीत ते, त्यांची बायको, त्यांचे थोरले भाऊ. मुलगा नोकरीवर गेला होता. पाणी आलं. चहा आला नाही.

वानखडेंनी मोबाइल टेबलावर सरकवला. त्यावर प्रज्ञाचा फोटो, खाली कोणाचातरी नंबर. "हे पाहा. आमचं हसं करायचं होतं का सोयऱ्यात?"

इंगोले काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना शब्द सापडले नाहीत. त्यांनी दुपट्ट्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. एक बाप आपल्या पोरीसाठी शब्द शोधतोय आणि ते मिळत नाहीत, आणि त्यातला प्रत्येक शब्द खरं म्हणजे माझ्याकडे आहे, हे मी बघत होतो. टोळी, हल्ला, सर्व्हर, सगळं तिथं विरघळलं.

"फोटो त्यांनी पाठवला नाही," मी म्हणालो. "मंडळानंही नाही. वेबसाइटीची किल्ली माझ्याकडे होती. ती मी चोराला दिली."

"तुमाले धमकावलं का त्यानं?" वानखडेंनी विचारलं.

"नाही."

"पैशे देल्ले?"

"नाही."

"मंग देल्ली काहून?"

"मागितली म्हणून."

मग थोरले भाऊ हसायला लागले. आधी मिशीत, मग पोट धरून. "मागतली म्हून देल्ली! अन् धंदा काय हाय म्हनता ह्याचा?" बाई शांतपणे म्हणाल्या, "कुलपं लावाचा." वानखडेबाईंनी तोंडाला पदर लावला. मी मान खाली घालून बसलो. लाज वाटत होती, पण खोटं कशाला सांगू, त्या हसण्यानं खोलीतली हवा जरा सैल झाल्याचं कळलं आणि मनात आलं, हसा बाप्पा, वाटेल तितकं हसा, पण पोरीवरचं किटाळ जाऊ द्या.

मी मेल दाखवला. पत्ता कसा वाचायचा ते सांगितलं. बाईंनी ज्या दुसऱ्या घरांना तोच फोटो गेला होता त्यांना तिथल्या तिथं फोन लावून वानखड्यांना ऐकवलं. वानखडे सरळ माणूस निघाले. बायकोकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"ठीक हाय. पोरीचा काई दोष नाई. इंगोले, आमचं मन साफ झालं. तारीख काढू." आणि आत वळून म्हणाले, "चहा ठेवा वं."

इंगोल्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला, खिशातून फोन काढला. "पोरीले सांगतो." त्यांना फोन कानाला लावून बोलायची सवय नाही; ते नेहमी स्पीकरवरच बोलतात, ओरडून. तसाच लावला.

"प्रज्ञा, माय, सगळं निपटलं वं. हे लोक तयार हायेत. ह्या भाऊची चूक होती, त्याइनं कबूल केली."

पलीकडे दवाखान्यातले आवाज. कोणीतरी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली. मग ती म्हणाली, "बाबा, वानखड्याइच्या जवळ माहा नंबर होता ना?"

"होता. काहून?"

"फोटो आला तवा त्याइनं मावशीले इचारलं, काकाले इचारलं, सोयऱ्याइले इचारलं. मले एक फोन केला का? एवढंच इचारायचं होतं, हे तूच पाठवलं का म्हून. थो मुलगाबी नाई बोलला. मी रोज वाट पाहून राह्यली होती."

इंगोले गडबडून फोनची बटणं दाबत होते, पण आवाज बंद होईना. सगळी खोली ऐकत होती.

"मले नाई करायचं तिथं, बाबा. उद्या आनखी कोनी काई पाठवलं, त पुन्हा मले सोडून सगळ्याइले इचारतीन. तुमी या घरी. जेवून घेजा."

फोन बंद झाला. आतून चहाच्या कपांचा आवाज येत होता. वानखडेबाई दारात कपबशा घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच राहिल्या. वानखडे त्या टेबलावरच्या मोबाइलकडे पाहत होते.

मेलवर विश्वास ठेवण्याआधी ओळखीच्या नंबरवर फोन करून विचारा, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो. मी स्वतः केलं नाही, वानखड्यांनी केलं नाही. पण त्यांना तो प्रसंग कोणी आणून दिला, ह्याचं उत्तर मी दुसऱ्या कोणावर ढकलू शकत नाही. मुलगी बरोबर बोलली की चूक, हे सांगणारा मी कोण? तिला ते घर मनातून आवडलं होतं, एवढं मला बाईंकडून नंतर कळलं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी सगळ्यांच्या किल्ल्या परत करत फिरलो. प्रत्येकाला त्याचं स्वतःचं खातं काढून दिलं, पासवर्ड त्याच्याच हातानं ठेवायला लावला. गजाननभाऊ म्हणाले, "आता आमच्यावर भरवसा नाई का, भाऊ?" मी म्हणालो, "माझ्यावर नाही." मुदती पाडव्यावरून हलवल्या, वर्षभर विखुरल्या. वेबसाइटींच्या तळाचं माझं नाव काढलं. फोननं पासवर्ड भरला नाही की मी आता त्याला शिव्या देत नाही. हात मागं घेतो. बाईंनी वेबसाइट ठेवली, पण त्यावर फक्त मेळाव्याच्या तारखा असतात. फोटो पुन्हा पिशवीत गेले आणि बाई पुन्हा एसटीत. त्यांचे गुडघे माझ्या हिशेबात लिहिलेले आहेत.

त्या दिवशी कारंज्याहून परतताना बाई थकून डोळे मिटून बसल्या होत्या. मी इंगोल्यांच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलो. माफी मागून झाली होती, ती पुन्हा मागण्यात अर्थ नव्हता. मंगरूळपीरचा दर्गा दिसायला लागला तसा माझा धीर सुटला.

"इंगोलेभाऊ," मी म्हणालो, "प्रज्ञासाठी स्थळ मी शोधतो. माझ्या ओळखी आहेत, गावोगाव गिऱ्हाइकं आहेत. चांगलं घर, चांगला मुलगा, पारखून आणतो. एवढं मला करू द्या."

इंगोले उठले, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला, वरचा दांडा धरला. सकाळपासून ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

"राहू द्या, भाऊ. तुमाले मेल नाई पारखता आला, जावई काय पारखान!"